शिंपणे : एका क्रियापदाची कुळकथा

१९४९ साली साताऱ्यापासून विभक्त होऊन दक्षिण सातारा म्हणून व १९६० पासून सांगली या नावाने नांदणाऱ्या जिल्ह्यातील कडेगावच्या अवर्षणप्रवण मुलखात पाणी जपून वापरावे लागे; पण ते उडविण्यासाठी भाषेने शब्द सढळ हाताने दिले. अंगणात शेणकाल्याचा सडा पडतो, पेंगुळल्या तोंडावर हबका मारला जातो, चिखलातून गाडी गेली की धोतरावर शिंतोडे उडतात आणि कोवळ्या रोपाला पाणी शिंपतात.

यांपैकी ‘शिंपणे’ या शब्दाचा वंशवृक्ष अव्वल दर्जाचा आहे. ऋग्वेदात सोमरस ओतण्याच्या संदर्भात येणाऱ्या ‘सिच्’ धातूला, बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण रचणाऱ्या हेमचंद्राने ‘सिंच’ आणि ‘सिंप’ असे दोन आदेश सांगितले. त्यांतील दुसरा मराठीने पत्करला आणि ज्या नियमाने ‘सीमा’ची ‘शीव’ झाली त्याच नियमाने, पुढील इकारामुळे, त्याच्या सकाराचा शकार केला. पण चकाराच्या जागी पकार कोठून आला? व्याकरणकाराचे सूत्र आदेश देते, कारण देत नाही. ‘सिक्त’ आणि ‘लिप्त’ ही रूपे प्राकृतात ‘सित्त’ आणि ‘लित्त’ अशी सारखी वाजू लागल्यावर, ‘लित्त’जवळ ‘लिंप’ आहे म्हणून ‘सित्त’जवळही ‘सिंप’ आला, हा उलगडा मला पूर्ण पटतो. जी गृहिणी भिंत लिंपते तीच अंगणही शिंपते, तेव्हा या दोन क्रियापदांचा शेजार केवळ व्याकरणातला नाही. (शिंपी आणि शिंपला या कुळातले नव्हेत, शिंप्याचे गोत्र ‘शिल्पिन्’ शब्दाशी जुळते.)

कोकणात संगमेश्वरास शिमग्यानंतरच्या रंगोत्सवालाच ‘शिंपणे’ म्हणतात. तेथे क्रियापद सणाचे नाव होऊन बसले आहे. घाटावर त्याच्या वाट्याला इतका थाट आला नाही. महसुली दफ्तराने तर त्याची दखलही घेतली नाही; बागाइताची नोंद ‘मोटस्थळ’, ‘पाटस्थळ’ अशी, पाणी कोणत्या साधनाने येते यावरून झाली. पुढे कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव-खानापूर-आटपाडीकडे नेणारी योजना आली, तेव्हा सरकारी कागदांत ‘उपसा सिंचन’, ‘तुषार सिंचन’ असा हेमचंद्राचा पहिला आदेश तत्सम पोशाखात परतला. शेतकरी मात्र उसाला पाणी ‘पाजतो’, त्यासाठी रात्री ‘दारं धरतो’. शिंपणे त्याने अंगणातल्या तुळशीपुरते राखले आहे.