सुनेचे माहेर



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचून आणि ऐकून जमवलेली एक हकिकत सांगते, गोड मानून घ्यावी.

माझे माहेर पोलादपूर, सासर महाड. तिकडे पाऊस कोसळू लागला की मला सासरी सावित्रीच्या पाण्याची धास्ती आणि माहेरच्या माणसांची काळजी, दोन्ही एकदम लागतात. सुनेचा जीव असा दोन ठिकाणी असतो. म्हणूनच सोलापूरच्या कोटणीस घराण्यातील एका सुनेची गोष्ट मला जवळची वाटते. तिचे माहेर चीन देशात होते.

७ जुलै १९३७ रोजी जपान आणि चीन यांच्यात मोठे युद्ध पेटले. शहरांवर बॉम्ब पडले, लाखो माणसे घरेदारे सोडून रानोमाळ झाली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. तेव्हा सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केले आणि ७ ते ९ जुलै हे तीन दिवस चीनच्या निधीसाठी ठरवले. आपण स्वतःच पारतंत्र्यात होतो, तरी सुमारे २२,००० रुपये जमले! आपण बायका हिशेब सोन्यात करतो. तेव्हा तोळा साधारण ३५ रुपयांचा. म्हणजे सहाशे तोळ्यांहून अधिक सोन्याची किंमत झाली.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टर निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली, तरी रुग्णांना सोडून ते परतले नाहीत. तेथेच गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांची ओळख झाली आणि १९४१ मध्ये विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर गेले. पुढे तो मुलगाही तरुणपणीच गेला. त्या माउलीने काय सोसले असेल, ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्गणी जमली १९३८ साली, सून आली १९४१ साली. मदत आधी गेली, नाते मागाहून जुळले.

पुढे १९६२ साली चीननेच आपल्यावर आक्रमण केले. देशभरच्या स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीला दिले. ते कर्तव्यच होते. पण मग १९३८ चे पैसे वाया गेले का? हा प्रश्न मलाही पडला होता. मला वाटते, नाही. ते पैसे जखमी आणि बेघर माणसांसाठी होते, आणि त्यांच्यापर्यंत ते पोचले. कोटणीसांच्या घरानेही सुनेशी नाते तोडले नाही. छिंगलानबाई पुढेही सासरच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिल्या. २०१२ साली त्या निवर्तल्या.

आता आपल्या घरची गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्यात बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरले तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल होता, चूल पेटेना. तिसऱ्या दिवशी घाटावरून एक टेम्पो आला. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, चटणी आणि धुऊन घडी केलेली लुगडी. त्या भाकऱ्या कोणी थापल्या, हे मला अजून ठाऊक नाही. त्या बायकांनीही विचारले नव्हते, महाडात आपले कोण राहते?

म्हणून एक विनंती करते. कुठे युद्धात बायकापोरे उघड्यावर पडल्याचे कानी आले, की ‘आपले कोण आहे तिकडे?’ असे म्हणू नये. मंडळात डबा फिरवावा, खात्रीच्या संस्थेकडे रक्कम पाठवावी, पावती फळ्यावर लावावी. फूल ना फुलाची पाकळी. तिकडे कोणाचे तरी माहेर असतेच.