तीन अक्षरे, पंधरा बाइट

माझ्या वर्गातील मुलांस ‘लातूर’ या शब्दात अक्षरे किती, असे विचारले तर ती तीन म्हणून सांगतात. ‘नांदेड’चीही तीनच. परंतु पीएचपी या संगणकभाषेस तोच प्रश्न केला, तर लातूरची लांबी ती १५ सांगते आणि नांदेडची १८! ती अक्षरे मोजीत नाही, बाइट मोजते; आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो वा अनुस्वार, तीन बाइट व्यापते.

रास्मुस लेर्डॉर्फ यांनी ही भाषा १९९५ साली जगापुढे ठेवली. तिचा प्रसार झाला तो स्वस्ताईमुळे. एका यंत्रावर अनेक बिऱ्हाडे, जणू जुना वाडाच! बिऱ्हाडे वाढली तशी मालकांची बंधनेही वाढली. ‘सेफ मोड’ हे त्यांतले विलक्षण. आज्ञावली ज्याच्या नावाची, फाइलही त्याच्याच नावाची हवी, असा तो दंडक. आज्ञावलीने उघडलेला नवा कप्पा मात्र पुष्कळदा सर्व्हरच्या नावे नोंदला जाई. म्हणजे स्वतः बांधलेल्या खोलीत स्वतःलाच मज्जाव! २०१२ च्या ५.४ या आवृत्तीत हा दंडक गेला.

मराठीची अडचण निराळी. बहुबाइटी लिपी सांभाळणारे ‘एमबीस्ट्रिंग’ हे जोडसाधन ऐच्छिक. कोठे असते, कोठे नसते. ते नसता ‘लातूर’चे पहिले दहा बाइट तोडून घेतले, तर हाती येते ‘लात’ आणि पुढे एक मोडका तुकडा!

यावर जाणत्यांनी साधा उपाय काढला. आधी विचारावे, मग वापरावे. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेसने पुढे हाच मार्ग धरला. साधन आहे काय हे ते पाहते; नसल्यास सोबत आणलेले पर्यायी साधन वापरते. परक्या गावी निघालेल्याने शिदोरी बांधून घ्यावी, तसेच हे.

भाषेच्या गाभ्यातच युनिकोड आणण्याचा सहाव्या आवृत्तीचा संकल्प २०१० मध्ये सोडून देण्यात आला. पाचानंतर २०१५ साली एकदम सातवी आली. त्यामुळे मूळ मोजणी आजही १५ च सांगते. एमबीस्ट्रिंग चिन्हे मोजून ५ म्हणते. मुलांचे ३ हे उत्तर ‘इंटल’ या दुसऱ्या जोडसाधनाकडून मिळते, आणि तेही ऐच्छिकच.

ऐपतवान माणूस स्वतंत्र यंत्र घेईल. तालुक्याच्या वाचनालयास भाड्याची खोलीच परवडणार. तेथेही गावाचे नाव अखंड उमटावे, एवढ्यासाठी तरी लिहिणाऱ्याने जागेवर भिस्त न ठेवता शिदोरी सोबत घ्यावी.