१२ सप्टेंबर १९८५ : दुर्बिणीतून पित्ताशय काढले

पश्चिम जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावात एरिख म्यूहे या शल्यचिकित्सकाने या दिवशी दुर्बिणीच्या साहाय्याने मानवी पित्ताशय काढले. जगातली ही पहिलीच अशी शस्त्रक्रिया. त्याआधी शंभरहून अधिक वर्षे, म्हणजे १८८२ मध्ये बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी पित्ताशय काढण्याची वाट घालून दिल्यापासून, पित्तखड्यांच्या रुग्णाचे पोट मोठा छेद घेऊन उघडावे लागे. ती जखम भरेपर्यंत साधे खोकणेही जिवावर येई.

म्यूहे यांनी त्यासाठी ‘गॅलोस्कोप’ नावाचे उपकरण स्वतः घडवले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, बेंबीतून नळी आत घालायची, पित्ताशयाची नलिका आणि रक्तवाहिनी चिमट्याने बंद करून कापायची आणि यकृताला चिकटलेली पिशवी सोडवून बाहेर काढायची, अशी ही पद्धत.

१९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या परिषदेत त्यांनी ती मांडली, तेव्हा सहकाऱ्यांनी तिची टर उडवली. पुढे एका रुग्णाच्या मृत्यूवरून त्यांच्यावर खटलाही चालला. त्यातून ते निर्दोष सुटले. दरम्यान १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लिऑनच्या फिलिप मूरे यांनी हीच शस्त्रक्रिया केली आणि श्रेय बरीच वर्षे त्यांच्याच नावे राहिले. म्यूहे यांच्यावरचा हा अन्याय मोठाच. अखेर त्याच जर्मन संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला.

भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली.