प्लेअर कोणी बांधायचा? लिनक्समधील मीडिया प्लेअर पॅकेजांचे वाद आणि मराठवाड्यातील वापरकर्ता

लिनक्सवरचा प्रोग्राम लिहिणारा एक असतो आणि तो वापरणाऱ्याच्या संगणकापर्यंत पोहोचवणारा दुसराच. सोर्स कोड कंपाइल करणे, लागणाऱ्या लायब्रऱ्यांशी त्याची सांगड घालणे, परवाना तपासणे आणि एका आज्ञेत बसेल असे पॅकेज तयार करणे ही कामे डिस्ट्रोचे, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांचे, मेंटेनर करतात. रेड हॅट, डेबियन, उबुंटू या अशा डिस्ट्रो. कंपायलर किंवा टेक्स्ट एडिटरच्या पॅकेजवरून सहसा भांडणे होत नाहीत. मीडिया प्लेअरवरून मात्र 2000 नंतरची पंधरा-सतरा वर्षे ती थांबलीच नाहीत. गाणी आणि चित्रपट ज्या स्वरूपांत साठवले जातात त्यांतील अनेकांवर पेटंट होती, डीव्हीडीवर सांकेतिक कुलूप होते, आणि प्लेअर लिहिणाऱ्यांचे मेंटेनरांशी पटत नव्हते.

या वादांचे निर्णय अमेरिकेत आणि युरोपात झाले. त्यांचा भार नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी अधिक पडला, कारण तिथे लिनक्स आले ते सीडीवरून. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून होती. 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. संगणक शिकणारी मुले होती, पण घरी इंटरनेट म्हणजे डायल-अप. बीएसएनएलचे ब्रॉडबँड जानेवारी 2005 मध्ये सुरू झाले तेही 256 केबीपीएसपासून. डायल-अपवर पाच एमबीची फाइल उतरवायला पाव तास लागे, आणि पूर्ण सीडीची प्रतिमा उतरवायची तर दिवसभराहून अधिक वेळ. त्यामुळे लिनक्स मिळे ते ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीवर, पुढे उबुंटूच्या शिपइट योजनेतून टपालाने फुकट येणाऱ्या सीडीवर, नाहीतर मित्राने राइट करून दिलेल्या सीडीवर. सीडीवर जे पॅकेज नाही ते जवळजवळ नाहीच, अशी स्थिती होती. बोस्टनमधल्या वापरकर्त्याला गाळलेला प्लेअर दोन मिनिटांत मिळे. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी सायबर कॅफे गाठावा लागे, आणि एका पॅकेजला दुसरे पॅकेज हवे असते हे घरी परतल्यावर कळे.

पहिला मोठा घाव एमपीथ्रीवर पडला. या स्वरूपाची पेटंट जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि फ्रान्सची थॉमसन कंपनी यांच्याकडे होती, आणि परवान्याचे शुल्क प्रतींच्या संख्येवर आकारले जाई. बरेचसे मुक्त प्लेअर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली होते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे सातवे कलम सांगते की पेटंटमुळे सर्वांना विनाशुल्क पुनर्वितरण करता येत नसेल तर प्रोग्राम मुळीच वाटू नये. म्हणजे एखाद्या कंपनीने स्वतःपुरते शुल्क भरले तरी अडचण सुटत नव्हती. पुढे सीडीची प्रत काढून देणाऱ्या प्रत्येकाचे काय, हा प्रश्न उरतच होता. 30 सप्टेंबर 2002 रोजी आलेल्या रेड हॅट लिनक्स 8.0 मधून एमपीथ्री काढून टाकण्यात आले. एक्सएमएमएस हा त्या काळचा लोकप्रिय प्लेअर सीडीवर होता, पण एमपीथ्री वाचणाऱ्या भागाच्या जागी रेड हॅटने एक नाममात्र प्लगइन बसवले होते. फाइल उघडली की गाण्याऐवजी खिडकी उघडे आणि एमपीथ्रीची सोय नसल्याचे सांगे. त्या काळी बाजारात शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी सर्रास मिळत. भजने असोत की लावण्या, घरातला बहुतेक साठा याच स्वरूपात होता. ऑग व्हॉर्बिस हे पेटंटमुक्त स्वरूप जुलै 2002 मध्येच 1.0 आवृत्तीला पोहोचले होते आणि गुणवत्तेत कमी नव्हते, पण त्यातली गाणी विकायला कोणी बसले नव्हते.

खरी विसंगती कायद्यात होती. भारताच्या पेटंट कायद्यातील कलम 3(के) नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंटयोग्य मानत नाही. 2002 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद मे 2003 पासून लागू झाली. डिसेंबर 2004 च्या वटहुकमाने ती सैल करण्याचा प्रयत्न झाला, पण 2005 मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा केला तेव्हा तो बदल वगळण्यात आला. हा निर्णय फार मोलाचा होता. तरीही रेड हॅटचे मुख्यालय नॉर्थ कॅरोलायनात, खटल्याची भीती तिथली, म्हणून जगभर एकच संच गेला. भारतीय संसदेने जे दार उघडे ठेवले ते लातूरच्या संगणकावर दुसऱ्या देशाच्या कायद्याने बंद राहिले. याच कंपनीचे पुण्यात मोठे अभियांत्रिकी कार्यालय होते आणि ग्नोम हा डेस्कटॉप आणि रेड हॅटच्याच आश्रयाखालील फेडोरा ही डिस्ट्रो यांच्या मराठी अनुवादाचे बरेच काम तिथून होई. मेनू मराठीत वाचता येत होता, पण त्याच मेनूतला प्लेअर गाणे वाजवत नव्हता.

डेबियनने वेगळा मार्ग धरला. ती कंपनी नाही, स्वयंसेवकांची संघटना आहे. ज्या पेटंटची प्रत्यक्ष अंमलबजावणी होताना दिसत नाही त्यांच्यामुळे पॅकेज अडवायचे नाही, असे तिचे धोरण राहिले. म्हणून एमपीथ्री वाजवणारे प्रोग्राम डेबियनमध्ये होते, मात्र एमपीथ्री तयार करणारा ‘लेम’ कितीतरी वर्षे बाहेर राहिला. डेबियनची कठोरता परवान्याच्या बाबतीत होती, आणि तिची कसोटी लागली एमप्लेअरच्या प्रकरणात.

एमप्लेअर 2000 मध्ये हंगेरीत अर्पाद गेरेयफी यांनी सुरू केला. मिळेल ती फाइल चालवणारा म्हणून त्याची ख्याती झाली. पण सुरुवातीला त्यात वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेला, वेगवेगळ्या परवान्यांचा कोड मिसळलेला होता. शिवाय तो ज्या प्रोसेसरवर चालायचा त्याच्यासाठीच कंपाइल करावा, तयार पॅकेज कोणी वाटूच नये, असा लेखकांचा आग्रह होता. धिम्या यंत्रावर चित्रपट अडखळू नये ही त्यामागची भावना प्रामाणिक होती. पण ज्याच्याकडे कंपायलर आणि हेडर फाइली हाताशी नाहीत त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. रेड हॅट 7.0 सोबत जीसीसी 2.96 हा कंपायलर आला, जो जीसीसीच्या मूळ प्रकल्पाने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नव्हता. एमप्लेअरने तो नाकारला आणि आपल्या दस्तऐवजांत त्यावर जहाल भाषेत लिहिले. म्हणजे रेड हॅटच्या वापरकर्त्याला तयार पॅकेजही नाही आणि स्वतः बांधायची सोयही नाही.

पुढे एमप्लेअर पूर्णपणे जीपीएलखाली आला, प्रोसेसर चालतेवेळी ओळखण्याची सोयही झाली, तरी डेबियनचे दार उघडले नाही. डेबियनच्या संग्रहात नवे पॅकेज येण्याआधी त्या संग्रहाचे राखणदार, म्हणजे एफटीपीमास्टर, ते तपासतात. कोणत्या फाइलचा लेखक कोण, दुसऱ्या प्रकल्पातून घेतलेल्या फाइलींत केलेले बदल नोंदवले आहेत का, हे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. एमप्लेअरच्या गोटाला हा छळ वाटला. डेबियनचे म्हणणे मात्र बरोबर होते: बदलांची नोंद ठेवा ही जीपीएलचीच अट आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीच ती पाळली नाही तर इतरांकडून कोणत्या तोंडाने मागायची? अखेर एमप्लेअर 2006 मध्ये डेबियनच्या अस्थिर शाखेत शिरला आणि 8 एप्रिल 2007 च्या डेबियन 4.0 मध्ये सर्वांपर्यंत पोहोचला.

डीव्हीडीचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. 1999 मध्ये डीसीएसएस हा कुलूप उघडणारा प्रोग्राम बाहेर आला आणि अमेरिकेत 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली खटले उभे राहिले. पॅरिसच्या इकोल सेंट्रालच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला व्हीएलसी 2001 मध्ये जीपीएलखाली खुला झाला, आणि त्याच व्हिडिओलॅन प्रकल्पाने लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी दिली. व्हीएलसी अनेक डिस्ट्रोंनी घेतला, लायब्ररी घ्यायला मोठ्या डिस्ट्रो धजल्या नाहीत. भारतात 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65ए आले. त्यात हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरतो. विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर पाहणाऱ्याचा तसा उद्देश नसतो. इथेही भारतीय कायदा सौम्य आणि पॅकेज मात्र अमेरिकी कायद्याच्या धाकात, हेच चित्र होते.

जे अधिकृत संग्रहात नाही त्यासाठी बाहेरचे संग्रह उभे राहिले. फेडोरासाठी लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल हे संग्रह होते. ते एकत्र होऊन 2008 मध्ये आरपीएम फ्यूजन झाले. उबुंटूसाठी मेडिबुंटू होते. शिवाय उबुंटू 7.04 पासून फाइल उघडताना ते स्वरूप वाचणारा कोणता भाग (कोडेक) हवा हे विचारून तो उतरवून घेण्याची सोय झाली, अर्थात ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याच्यासाठी. डेबियनसाठी ख्रिस्तियां मारिया यांचा डेबियन-मल्टिमीडिया संग्रह अनेकांचा आधार होता. पण डेबियनच्या स्वतःच्या मल्टिमीडिया चमूची पॅकेजे आणि या संग्रहातली पॅकेजे एकमेकांवर चढत आणि व्यवस्था बिघडे. 2012 मध्ये वाद नावावर आला आणि संग्रहाचे नाव डेब-मल्टिमीडिया झाले. जुने डोमेन नंतर अनोळखी हाती गेले, आणि जून 2013 मध्ये डेबियनला तो पत्ता यादीतून काढून टाका असा इशारा द्यावा लागला.

शेवटचा मोठा तंटा एफएफएमपेगचा. जवळजवळ सर्व प्लेअरांच्या पोटात हीच लायब्ररी असते. 2011 च्या जानेवारीत तिच्या विकसकांत फूट पडली आणि मार्चमध्ये वेगळ्या झालेल्या गटाने लिबएव्ही हे नाव घेतले. डेबियनमध्ये पॅकेज सांभाळणारे लिबएव्हीच्या बाजूचे असल्याने डेबियन आणि उबुंटू तिकडे वळले. उबुंटूवर एफएफएमपेगची आज्ञा दिली की हा प्रोग्राम आता विकसित होत नाही, एव्हीकॉन्व्ह (लिबएव्हीची पर्यायी आज्ञा) वापरा, असा संदेश येई. एफएफएमपेगचे काम तेव्हा जोरात सुरू होते. लिबएव्हीवाल्यांच्या तक्रारींत कितीही तथ्य असले तरी वापरकर्त्याला असे सांगणे गैरच होते. पॅकेज ज्याच्या हाती त्याच्या शब्दावर लाखो संगणक विसंबतात. जुलै 2015 मध्ये डेबियनने पुन्हा एफएफएमपेग स्वीकारण्याचे ठरवले आणि 2017 च्या डेबियन 9 मध्ये ते पूर्ण झाले.

एमपीथ्रीची पेटंटही त्याच सुमारास संपली. फेडोराने नोव्हेंबर 2016 मध्ये एमपीथ्री वाजवण्याची आणि मे 2017 मध्ये तयार करण्याची सोय मूळ संग्रहात घेतली. दरम्यान 23 एप्रिल 2017 रोजी परवाना योजना अधिकृतपणे बंद झाली. सप्टेंबर 2022 मध्ये मात्र फेडोराने एच.264 आणि एच.265 चित्रफिती ग्राफिक्स चिपवर उलगडण्याची सोय मेसा या ग्राफिक्सच्या पॅकेजातून काढली, आणि कारण पुन्हा अमेरिकी पेटंटचेच होते. नांदेड-लातूरला आता पॅकेज उतरवायला वेळ लागत नाही, पण एएमडीच्या चिपवर फेडोरा बसवून ती सोय हवी असणाऱ्याला आरपीएम फ्यूजन वेगळे जोडावेच लागते.