चौकाचौकांना जोडणारी तार

वाहतूक सिग्नलचा इतिहास १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनच्या संसदभवनासमोर सुरू होतो. रेल्वेच्या सिग्नलांचे जाणकार अभियंते जॉन पीक नाइट यांनी तेथे हलत्या दांड्यांचा खांब उभारला. रात्री त्यावर गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत आणि दांड्या पोलीस शिपाई हाताने फिरवी. काही आठवड्यांतच गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला. विजेचा सिग्नल अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये १९१४ साली आला, पण तोही एकाच चौकापुरता.

खरी अडचण एका चौकाची नव्हती. एका चौकातून सुटलेला गाड्यांचा घोळका पुढच्या चौकात लाल दिव्यावर अडकला, तर मागे मिळालेला हिरवा दिवा वायाच जातो. १९१७ साली सॉल्ट लेक सिटीत सहा चौकांचे दिवे तारेने जोडून एकाच जागेवरून हाताने चालवले जाऊ लागले. संगणक अजून कितीतरी दूर होता, पण आजच्या वाहतूक नियंत्रण कक्षाचे बीज या तारेत आहे.

संगणक आला टोरांटोत. १९५९-६० च्या सुमारास तेथे आयबीएम ६५० या यंत्रावर नऊ सिग्नल चालवून पाहिले गेले. या यंत्राच्या फिरत्या चुंबकीय ढोलावर अवघ्या २,००० संख्या मावत. प्रयोग जमला. १९६३ पर्यंत २० आणि १९७३ पर्यंत ८८५ चौक संगणकाच्या ताब्यात गेले.

त्याच काळात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत डेनिस रॉबर्टसन यांनी ‘ट्रान्सिट’ ही गणनपद्धती तयार केली. मोजलेल्या वाहतुकीवरून सगळ्या चौकांचे वेळापत्रक एकत्र बसवायचे, असे तिचे काम. ग्लासगोत तिची कसोटी लागली आणि गाड्यांचा खोळंबा कमी झाला. मात्र वेळापत्रक शिळे होई. एखादी शाळा, बाजार वा नवा पूल झाला की रहदारी बदले आणि पुन्हा माणसे बसवून गाड्या मोजाव्या लागत. पुढे केलेल्या अभ्यासात अशा वेळापत्रकाचा लाभ वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी घटतो असे दिसले.

यावरचा उपाय म्हणजे रहदारी स्वतःच सतत मोजणारी ‘स्कूट’ ही यंत्रणा. १९७० च्या दशकात तोही ग्लासगोतच तपासला गेला. चौकाच्या बराच अलीकडे डांबराखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. वरून गाडी गेली की त्यातील विद्युत गुणधर्म बदलतो आणि संगणकाला खबर लागते. घोळका चौकात पोहोचण्याआधीच दिव्याची वेळ काही सेकंदांनी पुढे-मागे सरकवली जाते. बदल मुद्दाम लहान ठेवलेले असतात, म्हणजे एखादी मोजणी चुकली तरी सगळा रस्ता विस्कटत नाही. या संयमातच त्या रचनेचे मोठेपण आहे. सिडनीच्या ‘स्कॅट्स’ यंत्रणेने वेटोळी थांबण्याच्या रेषेशीच पुरली. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिंपिकसाठी स्वतःचे केंद्र उभारले आणि २०१३ पर्यंत शहरातले चार हजारांहून अधिक सिग्नल त्याला जोडले.

वेटोळ्यांची ही पद्धत मार्गिकेत चालणारी रहदारी गृहीत धरते. मुंबईत जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या नागरी परिवहन प्रकल्पात क्षेत्रीय वाहतूक नियंत्रणाचा समावेश होता. पण आपल्या शहरांत दुचाकी आणि रिक्षा फटीफटीतून पुढे सरकतात, तेव्हा एका मार्गिकेखालचे वेटोळे खरी गर्दी सांगू शकत नाही. म्हणून कॅमेऱ्याने मोजणी करण्याचा मार्ग भारतात अधिक जवळचा ठरला.

या सगळ्या मोजणीत फार काळ पायी चालणारा माणूस जवळजवळ नव्हताच. रस्ता ओलांडण्यासाठी तो दाबतो ते बटण फक्त कोणीतरी उभे आहे एवढेच सांगे. किती जण आहेत हे नाही. ही उणीव गंभीर होती, कारण ज्याची मोजणी नाही त्याच्या वाट्याला सेकंदही येत नाहीत. २०१४ साली लंडनने बाल्हम आणि टूटिंग बेक या भुयारी रेल्वे स्थानकांबाहेर कॅमेऱ्यांनी थांबलेले पादचारी मोजण्याची चाचणी घेतली. जितके जास्त लोक उभे, तितका त्यांचा हिरवा दिवा लांबू लागला.