घड्याळाचा वेगळा जीव

माझ्या हँडहेल्ड रेडिओ स्कॅनरचे सेल बदलले की घड्याळ शून्यावर! आधी वाटलं, सॉफ्टवेअर गंडलंय. (आमची धंद्याची सवय!)

पण दुखणं जुनंच. १९८१ चा आयबीएम पीसी डॉसवर चालू केला की दर वेळी तारीख-वेळ विचारायचा. १९८४ च्या पीसी-एटीत मोटोरोलाची घड्याळाची चिप आली, सोबत तिची स्वतंत्र बॅटरी. क्वार्ट्झची ३२,७६८ हर्ट्झची थरथर १५ वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका. वीज लागते नाममात्र, पण अखंड!

शनिवारी स्कॅनर उघडून मल्टिमीटर लावला. सेल काढताच बॅकअप कपॅसिटरचं व्होल्टेज धाडकन शून्य. नवा डकवला, घड्याळ सुधारलं. आधीच्या रेकॉर्डिंगवरच्या वेळा मात्र कायमच्या खोट्या राहिल्या.