मागच्या चाकाचा आकडा

जुन्या काळ्या सायकलीचं मागचं चाक घ्यायला गेलं, की दुकानदार विचारतो, "२८ की २६?" हे इंच आले कुठून? १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पुढे हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासावरून चाकाला नाव पडलं. टायर जाड-बारीक झाले, नाव तेच राहिलं. रिमा मात्र निरनिराळ्या झाल्या. दांड्यांच्या ब्रेकच्या सायकलीची २८ ची रिम ६३५ मिलिमीटरची, नव्या २८ ची बहुधा ६२२. तेरा मिलिमीटरनं टायर बसत नाही, ब्रेकही रिमेला लागत नाही! तेव्हा टायरवर '४०-६३५' असं काही छापलेलं असेल तर ते वाचावं: आधी रुंदी, मग रिम. नावावर नव्हे, मापावर चाक घ्यावं.